पडण्यापासून संरक्षण : इमारतीपासून विहिरीपर्यंत

१ ऑगस्ट २०२३ या एकाच दिवशी महाराष्ट्रात बांधकामावरच्या दोन दुर्घटना घडल्या. मध्यरात्रीनंतर ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसविणारे अवजड यंत्र कोसळले आणि वीस जणांचा मृत्यू झाला. त्याच दिवशी सायंकाळी पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील म्हसोबावाडी येथे शेतातल्या एका खोल विहिरीला काँक्रिटची रिंग मारण्याचे काम चालू असताना काठचा भाग आत ढासळला आणि बेलवाडीचे चार मजूर मातीच्या ढिगाऱ्याखाली गाडले गेले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने पोकलेन यंत्रांच्या साहाय्याने जवळपास तीन दिवस शोध घेतला. हाती लागले ते चौघांचे मृतदेह.

पहिल्या प्रकारच्या कामाला कंत्राट असते, अभियंते असतात, सुरक्षा अधिकारी असतो आणि कायद्याने नेमलेला निरीक्षक तेथे केव्हाही येऊ शकतो. एवढे असूनही दुर्घटना घडते, तेव्हा निदान कोणी काय करायला हवे होते हे विचारता तरी येते. दुसऱ्या प्रकारच्या कामाला यांपैकी काहीच नसते. शेतकरी विहीर खोदतो, ओळखीचा ठेकेदार चार-सहा मजूर घेऊन येतो, व्यवहार तोंडी ठरतो आणि काम महिना-दोन महिन्यांत संपते. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत बांधकामाच्या सुरक्षेचा विचार करायचा तर पुण्या-मुंबईतील उंच मनोऱ्यांइतकाच या विहिरींचा, दुमजली घरांचा आणि पत्र्याच्या शेडचाही करावा लागतो. माणूस उंचावरून जसा पडतो, तसा काठावरूनही पडतो. आणि खोल खड्ड्यात काठच त्याच्या अंगावर येतो.

रिंग मारण्याचे काम

दोन्ही तालुक्यांचा बराच भाग पर्जन्यछायेत येतो. इंग्रजी अमदानीत खोदलेला नीरा डावा कालवा आणि भीमेवरील उजनीचा जलाशय यांनी काही पट्टा बागायती केला, ऊस आणला, साखर कारखाने आणले. परंतु कालव्याच्या शेवटच्या टोकाला आणि माळरानावर भरवसा राहतो तो विहिरीचाच. पाण्याची पातळी खाली गेली की विहीर अधिक खोल जाते. म्हसोबावाडीची विहीर शंभर फुटांहून अधिक खोल असल्याचे सांगितले गेले. एवढी खोली म्हणजे दहा मजली इमारत उलटी करून जमिनीत उभी केल्यासारखे आहे.

दख्खनच्या पठारावर वरचा थर काळ्या मातीचा, त्याखाली मुरूम, मग ठिसूळ खडक आणि शेवटी कातळ, अशी रचना सर्वसाधारणपणे आढळते. कातळाची भिंत स्वतःच्या बळावर उभी राहते. माती आणि मुरूम मात्र उभे राहिल्यासारखे दिसतात, एवढेच. म्हणून कातळ लागला की तेथून वरपर्यंत सळई आणि काँक्रिटचे कडे ओततात. त्यालाच रिंग मारणे म्हणतात. लोखंडी प्लेटा लावायच्या, सळई बांधायची, काँक्रिट ओतायचे, ते घट्ट झाले की प्लेटा वर सरकवून पुढचा टप्पा घ्यायचा आणि कड्यामागची पोकळी भरायची. हे सगळे चालू असताना वरची मातीची उघडी भिंत मजुरांच्या डोक्यावर असते. ज्या कामामुळे विहीर सुरक्षित होणार, तेच काम करण्याचा काळ सर्वांत धोक्याचा ठरतो. पावसाळ्यात मुरुमात पाणी मुरते, त्याचे वजन वाढते आणि कणांची परस्परांवरील पकड सैल होते. त्यात खोदकामाचा ढीग काठालगतच टाकलेला असला आणि त्याच काठावर यारी किंवा पोकलेन उभा असला, तर भिंतीवर वरूनही भार येतो. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाहून अधिक भरते. छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसाचे डोके मोकळे असले तरी त्याला श्वास घेता येत नाही, कारण छाती फुलण्यास जागाच उरत नाही.

अशा खोदकामाचे नियम जगभर ठरून गेलेले आहेत. अमेरिकेत पाच फुटांहून खोल चरात, तो अखंड खडकात नसेल तर, भिंतीला आधार दिल्याशिवाय किंवा ती उतरती कापल्याशिवाय माणूस उतरवता येत नाही. उपसलेली माती काठापासून किमान दोन फूट दूर ठेवावी लागते आणि खोली वीस फुटांच्या पुढे गेली की आधाराचा आराखडा नोंदणीकृत अभियंत्याने करावा लागतो. भारतीय मानक ब्युरोचेही खोदकामाच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र मानक आहे. त्याचा क्रमांक ३७६४. ते मिळवून वाचणे अवघड नाही. अवघड आहे ते विहिरीच्या काठावर ते कोणी न्यायचे, हे ठरवणे.

विहिरीत उतरण्याचा मार्ग हाही एक धोका आहे. पुष्कळ ठिकाणी मजूर यारीच्या बकेटमध्ये बसून किंवा दोरावरून खाली जातात. यारी दगड उपसण्यासाठी केलेली असते, माणसे ने-आण करण्यासाठी नव्हे. तिच्या तारेला रोजच्या घर्षणाने पीळ सुटलेले असतात आणि ब्रेक निकामी झाला तर दुसरा ब्रेक नसतो. खोल, कोंदट जागेत साचणारा वायू हा आणखी वेगळा विषय आहे. बारामती तालुक्यातील खांडज येथे मार्च २०२३ मध्ये गोबर गॅसच्या टाकीत चौघांचा जीव गेला. अशा घटनांत पहिला बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेले बाकीचे त्याच्यामागोमाग जातात. कंबरेला दोर बांधून, वर एक माणूस उभा ठेवून उतरणे, हा सर्वांत स्वस्त उपाय तेथेही लागू होतो आणि विहिरीतही.

पडण्याचे गणित

तीन मीटर उंचीवरून, म्हणजे एका मजल्यावरून, पडणारा माणूस पाऊण सेकंदात जमिनीवर येतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी २७ किलोमीटरच्या पुढे असतो. सहा मीटरवरून हाच वेग ताशी ३९ किलोमीटर होतो. शंभर फुटांवरून अडीच सेकंद लागतात आणि वेग ताशी ८८ किलोमीटरच्या आसपास जातो. पाऊण सेकंदात माणसाला सावरायला, काही धरायला वेळ मिळत नाही. ‘सवयीचा माणूस आहे, तो पडत नाही’ हे ठेकेदारांचे आवडते वाक्य या पाऊण सेकंदापुढे टिकत नाही. अमेरिकेत बांधकामावरील मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू पडण्यामुळे होतात आणि तेथे सहा फुटांपासून पुढे संरक्षण सक्तीचे आहे. ब्रिटनने २००५ च्या नियमांत उंचीची ठरावीक मर्यादाच काढून टाकली. जेथून पडल्यास इजा होऊ शकते, तेथे नियम लागू, एवढेच म्हटले. कमी उंचीवरून पडूनही माणसे मरतात, हे मान्य करण्याची ती पद्धत होती.

संरक्षणाचे उपाय एका क्रमाने घ्यावयाचे असतात. उंचावर जाण्याची गरजच टाळता आली तर उत्तम. सळईची जाळी जमिनीवर बांधून क्रेनने वर चढविणे हे त्याचे उदाहरण. ते जमत नसेल तर काठाला कठडा, म्हणजे साधारण एक मीटर उंचीवर आडवा पाइप, मध्ये दुसरा आणि तळाशी वस्तू घसरू नयेत म्हणून फळी. कठडाही शक्य नसेल तर जाळे. आणि अगदी शेवटी, माणसाच्या अंगावरचा पट्टा. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा लावला जातो. कठड्याला पाइप लागतात, तो उभा करायला एक दिवस जातो आणि काम पुढे सरकले की तो हलवावा लागतो. पट्टा विकत घेऊन मजुराच्या हाती दिला की जबाबदारी संपल्यासारखी वाटते.

जाळ्याचे महत्त्व जगाला सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाने दाखवून दिले. १९३३ ते १९३७ या काळात तो पूल बांधताना खाली जाळे पसरले होते आणि त्यात पडून एकोणीस कामगार वाचले. याच जाळ्याची मर्यादाही तेथेच दिसली. फेब्रुवारी १९३७ मध्ये एक अवजड परांची निखळून जाळ्यावर कोसळली, जाळे फाटले आणि दहा जण गेले. जाळे माणसाला झेलण्यासाठी असते, कोसळणाऱ्या बांधकामाला नव्हे. पुण्यात बालेवाडी येथे २९ जुलै २०१६ रोजी बाराव्या मजल्याच्याही वर स्लॅब ओतण्याचे काम चालू असताना तो कोसळून नऊ कामगार खाली आले. अशा घटनेत माणूस ज्यावर उभा आहे तेच जाते. तेथे उत्तर पट्ट्यात किंवा जाळ्यात नसून सेंटरिंगच्या टेकूंत असते. टेकू सरळ उभे आहेत का, त्यांच्यात आडव्या-तिरप्या बांधण्या आहेत का, खाली बूड पक्के आहे का, ओतण्याआधी कोणी जाणकाराने पाहून सही केली आहे का, हे प्रश्न तेथे निर्णायक ठरतात.

पट्ट्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण सर्वाधिक गैरसमज त्याच्याचविषयी आहेत. केवळ कंबरेला आवळलेला पट्टा पडणाऱ्याला अडवतो खरा, पण सगळा हिसका पोटावर आणि मणक्यावर येतो. अमेरिकेने १ जानेवारी १९९८ पासून पडणे अडविण्यासाठी असा कंबरपट्टा वापरण्यास मनाई केली. खांदे, छाती आणि मांड्या यांना धरणारा पूर्ण अंगाचा हार्नेस हा आता मान्य प्रकार. त्याच्या पाठीवरील कडीला दोर असतो आणि दोरात हिसका शोषणारी शिवणीची पिशवी. झटका बसला की शिवण उसवत जाते आणि अंगावरचा जोर सुमारे सहाशे किलोच्या मर्यादेत राहतो. ही पिशवी नसेल आणि माणूस पूर्ण दोरभर पडला, तर तोच जोर त्याच्या दुपटीवर जाऊ शकतो.

आता या हार्नेसला किती जागा लागते ते पाहावे. दोर १.८ मीटर, उसवलेली पिशवी सुमारे पावणेदोन मीटर, पाठीवरील कडीपासून पायापर्यंत दीड मीटर आणि वर एक मीटरची सूट. बेरीज सहा मीटर. म्हणजे हूक जेथे अडकवला आहे त्या जागेखाली सहा मीटर मोकळे हवेत. बारामतीच्या एखाद्या वसाहतीत दुमजली घराच्या पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर, पायाशी हूक अडकवून काम करणारा गवंडी साडेतीन मीटरवरून पडला, तर पिशवी उघडून होण्याआधीच तो जमिनीवर आदळेल. अंगात हार्नेस असेल, हूकही लावलेला असेल, आणि उपयोग शून्य. कमी उंचीवर कठडाच लागतो, किंवा डोक्यावर हूक अडकवून आखूड दोर वापरावा लागतो. उंच इमारतींसाठी आलेले साधन जसेच्या तसे लहान घरावर नेले की असे होते. शिवाय हूक कशाला अडकवला, हाही प्रश्न आहे. बांधकामावर दिसणारे नेहमीचे उत्तर म्हणजे जवळची सळई किंवा परांचीचाच पाइप. हिसका सहन करणारा आधार टनाच्या हिशेबात भक्कम असावा लागतो. परांचीसकट खाली येण्यासाठी कोणी हूक लावत नाही. आणि हार्नेसने झेललेला माणूस तसाच लोंबकळत ठेवून चालत नाही. मांड्यांच्या पट्ट्यांमुळे पायांतील रक्त वर येईनासे होते, म्हणून त्याला काही मिनिटांत खाली घेण्याची तयारी काम सुरू होण्याआधीच करून ठेवायची असते. या तयारीविषयी विचारल्यावर बहुतेक बांधकामांवर शांतता पसरते.

पत्र्याची शेड

बारामतीची औद्योगिक वसाहत, इंदापूर तालुक्यातील लोणी देवकरची वसाहत, वालचंदनगर, भिगवणचा कागद कारखाना, त्याशिवाय असंख्य गोदामे, दूध संकलन केंद्रे आणि पोल्ट्री शेड. या सगळ्यांच्या डोक्यावर पत्रा आहे. सिमेंटचा पत्रा वरून भक्कम दिसतो, पण उन्हापावसाने तो ठिसूळ होतो आणि माणसाचे वजन पेलत नाही. उजेडासाठी मध्ये बसवलेला फायबरचा पारदर्शक पत्रा तर काही वर्षांत धुळीने इतका मळतो की शेजारच्या पत्र्यापासून तो वेगळा ओळखू येत नाही. गळती काढायला चढलेला माणूस त्यावर पाय ठेवतो आणि थेट खालच्या फरशीवर येतो. उपाय साधे आहेत. पत्र्यावर थेट चालू नये, खालच्या लोखंडी कैच्यांवर भार जाईल अशा फळ्या टाकून त्यांवरून चालावे, पारदर्शक पत्र्यांखाली जाळी बसवावी, आणि जमेल तेथे खालून शिडी किंवा मचाण लावून दुरुस्ती करावी. अशा दुरुस्तीला कोणी ‘बांधकाम’ म्हणत नाही. ती अर्ध्या दिवसाची मजुरी असते.

साखर कारखान्यांचा प्रकार आणखी निराळा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा श्री छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, असे कारखाने या दोन तालुक्यांत उभे आहेत. त्यांचा गळीत हंगाम हिवाळ्यात असतो. उन्हाळा आणि पावसाळा हा देखभाल-दुरुस्तीचा काळ. बॉयलर, चिमणी, पॅन, टाक्या, वाहक पट्टे, सगळे या महिन्यांत उघडले जाते आणि त्यासाठी बाहेरचे ठेकेदार आणि हंगामी मजूर येतात. ओले लोखंड, निसरड्या शिड्या, काढून ठेवलेल्या जाळ्यांमुळे उघडी पडलेली भोके आणि जागा नीट न ओळखणारा नवा माणूस, हे सगळे एकाच वेळी जमून येते. कारखान्याच्या आवारात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा निरीक्षक येतो, ही मोठी जमेची बाजू. त्याच्या भेटी दुरुस्तीच्या महिन्यांत अधिक झाल्या, तर त्या अधिक उपयोगी पडतील.

दहाचा आकडा

बांधकाम कामगारांच्या सुरक्षेसाठी देशात स्वतंत्र कायदा आला तो १९९६ मध्ये. ‘इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम’ या नावाने तो ओळखला गेला. महाराष्ट्राने त्याखालील नियम २००७ मध्ये केले आणि कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये पूर्णपणे कार्यान्वित केले. या कायद्याने काम सुरू होण्याच्या किमान तीस दिवस आधी निरीक्षकाला लेखी सूचना देणे मालकावर बंधनकारक केले, निरीक्षकाला जागेत शिरण्याचा आणि कागद तपासण्याचा अधिकार दिला, आणि सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर टाकली. दात मात्र दुधाचे ठेवले. सुरक्षेचे नियम मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एका मजल्याच्या कठड्याला लागणाऱ्या पाइपांचे भाडे याहून अधिक होते.

खरी अडचण दंडात नव्हती. हा कायदा लागू होत असे तो मागील बारा महिन्यांत कोणत्याही दिवशी दहा किंवा अधिक बांधकाम कामगार असलेल्या आस्थापनेलाच. स्वतःच्या राहत्या घरासाठी दहा लाख रुपयांपर्यंतचे बांधकाम करणारी व्यक्तीही त्यातून वगळली होती. म्हणजे चार मजुरांची विहीर बाहेर, पाच मजुरांचे घर बाहेर, दोन माणसांची पत्रा दुरुस्ती बाहेर. कारखान्यांची बांधकामेही, जेथे कारखाना अधिनियम लागू आहे तेथे, त्या कायद्याकडे सोपवली होती. या वगळण्याचा फायदा घेऊन उभारणी चालू असलेल्या कारखान्यांनीही हात वर करायला सुरुवात केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये लँको अनपारा प्रकरणात स्पष्ट केले की, उत्पादन सुरू होण्यापूर्वी कारखान्याची इमारत बांधणारे कामगार बांधकाम कामगारच आहेत. नव्या औद्योगिक वसाहतींच्या दृष्टीने हा निकाल महत्त्वाचा होता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि १९९६ चा कायदा, १९४८ चा कारखाना अधिनियम यांसह अनेक जुने कायदे ‘व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२०’ मध्ये विलीन झाले. दंड वाढला आहे. कर्तव्यात कसूर झाल्याने कामगाराचा मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही; आणि त्या दंडातील किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. अडीचशे किंवा अधिक कामगारांच्या बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. निरीक्षकाचे नाव आता ‘निरीक्षक तथा सुविधाकार’ असे झाले आहे आणि कोणती जागा तपासायची हे संगणकाने यादृच्छिक पद्धतीने ठरवण्याची व्यवस्था संहितेत आहे. तातडीचा धोका दिसल्यास काम थांबविण्याचा लेखी आदेश तो देऊ शकतो.

दहाचा आकडा मात्र तसाच राहिला. दहापेक्षा कमी कामगारांचे बांधकाम संहितेच्या व्याख्येतच बसत नाही. आणि स्वतःच्या घराची मर्यादा दहा लाखांवरून पन्नास लाखांवर गेली. बारामतीसारख्या गावात पन्नास लाखांत दोन-अडीच मजली बंगला उभा राहतो, आणि असे बंगले हेच तेथील गवंड्यांचे नेहमीचे काम आहे. महागाईमुळे मर्यादा वाढवणे समजण्यासारखे असले, तरी पडणाऱ्याच्या बाबतीत दहा लाखांचा स्लॅब आणि पन्नास लाखांचा स्लॅब यांत फरक एवढाच, की दुसरा अधिक उंच असतो. संगणकाच्या यादीत जे नावच नाही, ते यादृच्छिकपणे निवडलेही जाणार नाही. भारताने कामगार निरीक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार क्रमांक ८१ स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४९ मध्ये मान्य केला. बांधकामातील सुरक्षेचा १९८८ चा करार क्रमांक १६७ मात्र अद्याप स्वीकारलेला नाही.

तपासणी कशाची?

जी बांधकामे कक्षेत येतात, तेथेही तपासणी बरेचदा हेल्मेटवर अडते. रांगेत उभ्या केलेल्या, नवी पिवळी हेल्मेटे घातलेल्या मजुरांचे छायाचित्र काढले की फाइल पूर्ण होते. हेल्मेट वरून पडणाऱ्या विटेपासून वाचवते. ते घातलेल्या माणसाला पडण्यापासून वाचवत नाही. अनुभवी निरीक्षक आधी कडा आणि भोके पाहतो. लिफ्टच्या खड्ड्याला प्रत्येक मजल्यावर अडसर आहे का, डक्टवर नुसते प्लायवुड टाकले आहे की ते खिळवून वर खूण केली आहे, जिन्याला तात्पुरता कठडा आहे का. नंतर परांची. तिचे पाय मातीत रुतले आहेत की खाली लोखंडी तळपट्टी आहे, ती इमारतीला ठिकठिकाणी बांधली आहे का, फळ्यांची टोके सुटी आहेत का. बांबूची परांची मुळातच वाईट नसते. सुतळीने किंवा जुन्या काथ्याने बांधलेली वाईट असते. शिडीचा नियम तर दोन ओळींचा आहे. चार फूट उंचीला एक फूट बाहेर, आणि वरच्या काठापुढे तीन फूट टोक.

त्यानंतर प्रश्न येतो माणसांचा. ठाण्यातील बाळकुम येथे १० सप्टेंबर २०२३ रोजी उंच इमारतीची लिफ्ट कोसळून सात कामगार मृत्युमुखी पडले. येरवड्यात फेब्रुवारी २०२२ मध्ये सळईची जाळी कोसळून पाच जण दगावले. अशा कामांवर मुख्य कंपनी, उपकंत्राटदार, त्याचा मुकादम आणि मुकादमाने आणलेले मजूर अशी साखळी असते. तपासणीत विचारावयाचा खरा प्रश्न हा की, या साखळीत ‘आज काम करू नका’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे आणि तो शेवटचा कधी वापरला गेला.

विहिरीपर्यंत कसे पोहोचायचे?

शासनाचा हात विहिरीला लागतच नाही, असे नाही. तो पाण्यासाठी लागतो, माणसासाठी लागत नाही. १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत विहीर खोदण्यावर बंधन घातले. रोजगार हमीतील सिंचन विहिरीचे अनुदान २०२२ मध्ये चार लाख रुपयांपर्यंत वाढवले गेले आणि त्याचे हप्ते कामाच्या मोजमापानुसार देण्याची पद्धत ठरली. मापे घेण्यासाठी तांत्रिक कर्मचारी काठावर येतो तेव्हा ढीग काठापासून दूर आहे का, भिंत उतरती कापली आहे का, उतरायला बांधलेली शिडी आहे का, हे पाहून नोंदवायला त्याला दहा मिनिटे अधिक लागतील. सुरुंग लावायचा तर स्फोटकांचा परवाना लागतो. विजेचा पंप बसवायचा तर जोडणी मागावी लागते. नव्या निरीक्षकांची फौज उभी करण्याची वाट पाहण्यापेक्षा या जुन्या वाटांवर सुरक्षेची एकेक अट बसवणे शहाणपणाचे ठरेल. पूर्णपणे खासगी पैशाने, अनुदानाशिवाय खोदलेल्या विहिरी तरीही निसटतील. त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीला कामाची सूचना देण्याचा साधा नियमही पुरेसा उपयोगी ठरू शकतो. निदान कोणत्या विहिरीत आज किती माणसे उतरली आहेत, हे गावात कोणाला तरी ठाऊक असेल.

अपघातानंतर गुन्हा दाखल होतोच. पूर्वी निष्काळजीपणामुळे मृत्यूचे कलम ३०४-अ होते, दोन वर्षांपर्यंत शिक्षेचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ती पाच वर्षांपर्यंत गेली आहे. पण विहिरीच्या बाबतीत आरोपी म्हणून पुढे येतो तो बहुधा शेतकरी किंवा लहान ठेकेदार, आणि मृताच्या घरी पोहोचते ते शासनाने त्या वेळी जाहीर केलेले साह्य.

या संदर्भात एक तरतूद मात्र दहाच्या आकड्यावर अडत नाही. बांधकामखर्चाच्या एक टक्का उपकरातून चालणाऱ्या कल्याणकारी मंडळाकडे कामगार स्वतःची नोंदणी करू शकतो. या उपकराचा पैसा देशभर पडून राहिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली होती. महाराष्ट्राच्या मंडळाने नोंदणीकृत कामगारांना दिलेल्या सुरक्षा संचात हेल्मेट, बूट आणि हार्नेसही होते. हूक अडकवायला जागा कोणती, हे त्या पेटीत मावत नाही. नोंदणीसाठी वय १८ ते ६० असावे लागते आणि मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. खेड्यात तो ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्याकडून मिळू शकतो. रिंग मारणारे मजूर एरवी सेंटरिंगची आणि काँक्रिटचीच कामे करतात, त्यामुळे हे नव्वद दिवस त्यांच्या बाबतीत सहज भरतात. नोंदणीकृत कामगाराचा कामावर मृत्यू झाल्यास मंडळाच्या योजनेत वारसाला पाच लाख रुपये मिळतात. नोंदणीचे शुल्क एक रुपया आहे. नूतनीकरण दरवर्षी करावे लागते.